आधी परत म्हणायचं

अमरावती,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

चि. आचल हिस आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तिकडे तू खुशाल असशील, ही ओळ मी गाळते आहे, कारण तू खुशाल नाहीस हे आशाने कळवलंच. शुक्रवारी संध्याकाळी पिशवी उचलून आशामावशीकडे अकोल्याला गेलीस, ती गेलीसच. फोन बंद. शेजारचे योगेश रोज बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याच्या बँकेत जातात, त्यांच्या हाती हे पत्र देते. सगळी नोकरी टेलिफोनमध्ये काढलेल्या बाईला पोटच्या पोरीशी बोलायला कागद लागावा, यावर हसायचं असेल तर हस. निदान तेवढं तरी कर. आशा म्हणते, तू भिंतीकडे तोंड करून पडून असतेस.

मुद्द्याचं आधी. येत्या सोमवारी मुंबईचे साहेब तुमच्या कपड्यांच्या कारखान्यात येणार आहेत. सप्टेंबरात ज्या तीन मुलींनी मशिनी बंद पाडल्या, त्यांना ठेवायचं की काढायचं, हे तुझ्या तोंडून ठरायचं आहे. तू आली नाहीस तर तूही सोडलंस असं ते धरतील. तुमच्या ऑफिसातून दोनदा फोन आला. मी सांगितलं, ताप आहे. ननच्या शाळेत शिकलेली बाई मी, खोटं बोलताना अजून कान गरम होतात. पुन्हा मला ते करायला लावू नकोस. रविवारी परत ये, सोमवारी कामावर जा. संपलं.

वलगावच्या नत्थुजींनी करंडीभर संत्री आणून टाकली आहेत. मी एकटी किती खाणार?

आता त्या तुझ्या कोचबाईबद्दल. आपल्या अमरावतीत कोच म्हटलं की गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर ओरडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कंपनीने तुझ्यासाठी लावली ती मात्र अकोल्याची पोरगी, तुबा. वय माझ्या चष्म्याएवढं. ओरडत नाही, शिकवत नाही, सल्ला देत नाही, नुसती विचारते! मॅनेजरला माणसांशी बोलायला शिकवणी लावावी लागते, हेच मला पटलेलं नाही. बाहेरगावचे फोन जोडणाऱ्या आमच्या ट्रंक बोर्डावर बावीस मुली होत्या. मी नुसती खुर्ची सरकवली की कुजबुज थांबायची. कोण कोच होती मला?

आणि तिचा तो नियम. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं. मग विचारायचं, 'बरोबर ऐकलं का मी?' मग गप्प बसायचं. तू त्याचा सराव माझ्यावर केलास. मी म्हटलं, वरण खारट झालंय. तू म्हणालीस, "आई, तुला म्हणायचंय की वरण खारट झालंय. बरोबर ऐकलं का मी?" मी म्हटलं, नीट ऐकलंस, आता नीट रांध. यात चुकलं काय माझं?

काल मी तुबाला फोन केला. म्हटलं, माझ्या मुलीने तुझ्याजवळ काय काय सांगितलं ते मला कळलं पाहिजे, मी तिची आई आहे. ती म्हणाली, "काकू, ते आचलताईंचं आहे. मला देता येत नाही. तुमचं काही सांगायचं असेल तर ऐकते." मी फोन ठेवला.

एक मात्र कबूल. आमच्यातही लाइनवर कानावर पडलेलं बाहेर न्यायचं नाही, असा कायदा होता. तो तोडणाऱ्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसू दिलं नव्हतं. पोरगी त्या बाबतीत पक्की निघाली.

रविवारी ये. दुपारची गाडी धर, म्हणजे उजेडात पोचशील.

आई


अमरावती,
गुरुवार, ६ नोव्हेंबर

चि. आचल,

आशीर्वाद आहेतच. आशा म्हणाली, पत्र वाचून तू उशीखाली ठेवलंस. पोळी मात्र ताटातच ठेवून उठलीस. आशा तुझ्या लाडाची मावशी. तिच्या हातची पोळी टाकून तू कधी उठली नव्हतीस. हे ऐकल्यापासून मला घरात बसवत नाही. बसले की उठते, दाराशी जाते, परत येते.

काल सकाळी बेल वाजली. वाटलं, तू. धावत जाऊन दार उघडलं तर तुझ्या कारखान्यातली चंदा. तीच, सप्टेंबरात बाह्या उलट्या लागल्या त्या लाइनची सुपरवायझर. मी दार अर्धंच उघडं धरलं.

"मॅडम हायेत का?"

"नाहीत."

"त्यायचा फोन काहून लागून नाही राहिला?"

"ते मला विचारू नकोस."

"मंग कोनाले इचारू? तुमी आई हा ना त्यायच्या?"

पायरीवर उभी राहून ही बाई मला विचारते! आत घेतली, कारण समोरच्या गॅलरीतून दोघीजणी वाकून बघत होत्या. पाणी दिलं. तिने एक घोट घेतला आणि पेला हातातच धरून बसली.

मी म्हटलं, "तुझ्यापायी माझी मुलगी घर सोडून बसली आहे. शुक्रवारी तू तिला काय बोललीस?"

"मॅडमनंच बोलावलं होतं. ते तुबाताई एका कोपऱ्यात बसल्या होत्या. मॅडम मने, चंदा, मनातलं बोल, कापून नको बोलू. मंग म्या बोल्ली."

"काय?"

"का मॅडम, तुमी आता गोड बोलता. पन तुमी लायनीत आल्या का आमचे हात अजूनबी थरथरते. सुई बोटात जाते."

मी म्हटलं, "मग तिने काय केलं? रडली?"

"नाई जी. जसंच्या तसं परत मनलं. 'मी लायनीत आली की तुमचे हात अजून थरथरतात, सुई बोटात जाते. बरोबर ऐकलं का मी?' म्या मनलं, हो. मंग लई वेळ चुप बसल्या. मंग मने, सोमवारी तुमच्या तिघींसाठी मी उभी राहीन."

आचल, हे तू मला सांगितलं नव्हतंस.

चंदाने बरंच सांगितलं. पूर्वी एखादीला सुट्टी हवी असली तर ती तुझ्या केबिनपर्यंत येऊन परत फिरायची. आता येतात. सप्टेंबरातल्या त्या दिवशी सकाळपासून ती तुला सांगत होती की बाहीचा नमुनाच उलटा आहे. तू तिचं ऐकलं नाहीस आणि दुपारी सगळ्यांसमोर तिलाच झापलंस, तेव्हा तिघींनी मशिनी थांबवल्या. ते सगळं तू, तुबा आल्यावर, चंदाला समोर बसवून तिच्याकडून शब्दशः बोलून घेतलंस म्हणे. "म्या मनलं, मॅडम, तुमी अर्धंच ऐकलं. तं त्यायनं मले पुन्हा पयल्यापासून सांगू देल्लं. चिडल्या नाईत." हे सांगताना ती माझ्याकडे असं बघत होती की हा पराक्रम घरात कुणाला ठाऊक कसा नाही!

जाताना दारात म्हणाली, "मुंबईचा मानूस आला अन् मॅडम नसल्या तं तो मले पयले काढीन. थे सोडा. मॅडम नसल्या तं आमचं बोलनं पुन्हा बंद होईन. म्या शुक्रवारी खोटं नोती बोल्ली, मावशी. पन मॅडम जाव्या मनून नोती बोल्ली. सांगजा त्यायले."

मी तिला करंडीतली संत्री दिली. तिने दोनच घेतली.

सांगितलं तुला. आता ये. तुझ्यावर माणसं अवलंबून आहेत. चाळिशी उलटलेली बाई मावशीच्या घरी पांघरूण ओढून पडते, हे काय वय आहे? डोकं ठिकाणावर

हे वाक्य मी अर्ध्यावर थांबवलं आहे. शाळेत सिस्टर खाडाखोड झाली की पूर्ण पान पुन्हा लिहायला लावायच्या. मी हे पान पुन्हा लिहिणार नाही. तुला दिसू दे.

काहीतरी खा. माझ्यासाठी नको, आशासाठी खा.

आई


अमरावती,
शनिवार, ८ नोव्हेंबर

आचल,

तुझं उत्तर नाही. आशाचा फोन आला, म्हणाली, "ताई, कालचं पत्र वाचून पोरगी रडली, मंग आंघोळ केली, पुन्हा निजली. मी काय करू सांग?" मी तिला काय सांगू? मला जगातल्या प्रत्येकाला काय करायचं ते सांगता येतं. हे एक येईना.

मग मी तुबाला फोन केला. या वेळी विचारलं नाही, सांगितलं. ती ऐकत होती. म्हटलं, माझी मुलगी मरेल की काय अशी भीती वाटते मला. ती पोरगी म्हणाली, "काकू, तुम्हाला भीती वाटतेय की आचलताई मरतील. बरोबर ऐकलं का मी?" माझाच आवाज परत आला. मी हो म्हटलं. पुढे ती म्हणाली की अशा वेळी डॉक्टरांकडे नेणं तिच्या कामापेक्षा आधी येतं. अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर तिने दिला, तो आशाकडे पोचवला आहे. तू नको म्हणालीस तरी आशा त्यांना घरी बोलावणार आहे. यावर मी तुझं ऐकणार नाही. बाकी सगळ्यावर ऐकेन.

फोन ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही त्यांचं काय ऐकलं होतं, शेवटचं?" मी म्हटलं, काही नाही. ते खोटं होतं. या वेळी कान गरमसुद्धा झाले नाहीत.

ट्रंक बोर्डावर नव्या मुलीला पहिल्याच दिवशी मी काय शिकवायची, तुला माहीत आहे. लहानपणी तू मोडक्या हेडफोनने तेच खेळायचीस. माणूस नंबर सांगेल तो आधी त्याला परत म्हणून दाखवायचा. त्याने हो म्हटल्याशिवाय जोडायचं नाही. घाई असो, तार तुटत असो, पलीकडे कुणी रडत असो. तुबाचा नियम ऐकल्यापासून मला राग कशाचा होता ते मला आता कळतंय. मी हे रोज करत होते, दारव्ह्याच्या आडत्यासाठी, दर्यापूरच्या डॉक्टरसाठी, ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. हेडफोन खुंटीला लावून घरी यायची तेव्हा ते तिथेच ठेवून यायची.

मला माझी बाजूही मांडायची आहे. बाबा गेले तेव्हा तू नववीत होतीस. मी आवाज चढवला नसता तर या घरावर कुणीही चालून आलं असतं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण ते भांडण माझं तुझ्याशी नव्हतं आणि आवाज रोज तुलाच ऐकावा लागला.

त्या शुक्रवारी तू कामावरून आलीस. चप्पल काढली नव्हतीस. मी पानं वाढत होते. तू सांगायला लागलीस आणि मी भाजीचं विचारलं. तू पुन्हा सुरुवात केलीस. मी म्हटलं, असल्या बायांना समोर बसवायचंच नसतं, डोक्यावर चढतात. मग तू ते बोललीस. दोन पत्रं झाली, मी त्याच्या भोवती फिरते आहे. संत्री झाली, सिस्टर झाल्या, ट्रंक बोर्ड झाला. आता परत म्हणते. माझे शब्द घालत नाही.

तू म्हणालीस: "आई, मी चंदाला सगळ्यांसमोर म्हटलं, डोकं घरी ठेवून येतेस का गं. ते वाक्य माझं नाही, तुझं आहे. कारखान्यात बायांना माझी भीती वाटते आणि घरी मला तुझी वाटते. अजून वाटते. मला आता दोन्हीकडे जायचं नाही. म्हणूनच मी"

इथे मी म्हटलं, "नाटकं पुरे. ताट वाढलंय."

'म्हणूनच मी'च्या पुढे काय होतं, ते मला माहीत नाही. मध्येच तार काढली मी. आठ दिवस तोच तुकडा कानात आहे. पुढचं काय असेल याचे मी शंभर अंदाज केले, त्यातला एक असा आहे की तो मी कागदावर आणणार नाही.

सोमवारचं मी काही म्हणत नाही. जायचं की नाही, त्या तिघींसाठी उभं राहायचं की नाही, ते तुझं आहे. मला देता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. चंदाचा निरोप तेवढा दिला आहे.

उद्या सकाळच्या गाडीने मी अकोल्याला येते. हे पत्र माझ्याच पिशवीत असेल. आशा ते आत आणून देईल. मी बाहेर ओट्यावर बसेन. तू बोलावल्याशिवाय आत येणार नाही आणि तू बोलेपर्यंत बोलणार नाही. आशाला हे सांगितलं तर ती हसली, म्हणाली, "ताई, तू? चुप?" हसू दे. तू संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस तर संध्याकाळपर्यंत बसेन.

वर जे लिहिलं ते एकदा वाच. एखादा शब्द माझा घुसला असेल तर तो खोड, आणि राहिलेलं सांग. पहिल्यापासून सांगितलंस तरी चालेल.

बरोबर ऐकलं का मी?

ओट्यावर बसलेली,
तुझी आई