तरसाचा घास

१० डिसेंबर, बुधवार

नाही म्हणून सांगून टाकलं. खलास! अनिरुद्धचं तिकीट, रश्मीचं तिकीट, मैत्रीचं तिकीट आणि माझं रद्द. मुलगा, सून, नात इथिओपिया पाहणार. मी बहरीनमधल्या झिंजच्या या फ्लॅटची राखण करणार.

कारण काय दिलं? पिवळ्या तापाची लस या वयात सोसत नाही. डॉक्टरांनीही मान डोलावली, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापसुद्धा लागलं नाही. खरं कारण या वहीपुरतं. तिथे म्हणे एका मोठ्या थाळीभोवती सगळे बसतात आणि सगळे त्यातूनच हाताने खातात. मैत्रीने फोनवर चित्र दाखवलं. "लुक आजोबा, सो कूल ना?" मी चित्र पाहिलं आणि उजवा हात मांडीखाली सरकवला.

तो हात! पोस्टात बत्तीस वर्षं शिक्के मारले त्याने, एक वाकडा नाही. वर्षभरात त्याचं पिंपळपान झालंय. वारा नसताना सळसळतो. डॉक्टर म्हणतात, घातक काही नाही, वयाचा कंप आहे. त्यांना काय जातंय म्हणायला! वरण-भाताचा घास ताटातून निघतो तेव्हा घास असतो, तोंडाशी पोचतो तेव्हा चार शितं. बाकीचं सदऱ्याला. म्हणून मी आपला खोलीत, दार लावून जेवतो. सांगतो, कविता ऐकतोय. कवितेच्या नादात सहा किलो उतरलो.

हे अक्षरही आता मला एकट्यालाच लागतं. रोजनिशीला कुलूप नको, एवढाच फायदा.

११ डिसेंबर

रश्मीने आज पुन्हा घास पुढे केला. "बाबा, दोनच. कुणी बघत नाहीये."

कुणी बघत नाहीये म्हणजे? तू बघतेस ना! तोंड फिरवलं. म्हणालो, "मी काय पाळण्यातला आहे काय गं?" ती घास तसाच धरून राहिली. भात निवला. मग दार लावून मी अर्धा खाल्ला, अर्धा झाडला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गेले. सोबत जुफैर भागात राहणारे चंद्रशेखर आणि त्यांच्या सौ. सुनीताबाई. चंद्रशेखर बँकेत, मूळ पुण्याचे. केकमध्ये अंडं आहे का, हे वाढदिवस कुणाचा ते विचारायच्या आधी विचारतात. सुनीताबाईंनी बॅगेत ठेपले, लोणचं आणि तयार पिठल्याची पाकिटं भरलीत. किल्ल्याला वेढा पडणार असावा अशी तयारी! निरोपाला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो काका, त्या लोकांकडे काय मिळतंय कुणास ठाऊक! आपलं आपण सोबत असावं."

दारात रश्मीने चार वेळा विचारलं, "जेवाल ना नक्की?" फ्रीजरमध्ये डबे रचून ठेवलेत. मी इंशाल्ला म्हणालो. या देशात हा शब्द फार उपयोगी आहे. हो म्हटल्यासारखं होतं आणि बांधून घेतल्यासारखं होत नाही.

१३ डिसेंबर

डबे उघडले नाहीत. सगळं पातळ! वरण, आमटी, रस्सा. खाली कोल्ड स्टोअर नावाच्या वाणसामानाच्या दुकानातून खुबूस म्हणजे इथली अरबी रोटी, केळी आणि खजूर आणले. न सांडणारे तीन पदार्थ.

सुकी भाकर, केळ ते गोड,
म्हातारपणाची ही तडजोड!

चौथीत असं रचलं असतं तर गुरुजींनी कान पिळून मात्रा मोजायला लावल्या असत्या. पण एकट्या घरात मोठ्याने म्हटलं. बरं वाटलं. माझी बायको इंदू असती तर म्हणाली असती, "बाप्पा, कवी जागा झाला!"

१४ डिसेंबर

फोन दिवसभर टणटणतोय. आमच्या संशोधिका सुनीताबाई यांचे शोध येणेप्रमाणे. इंजेरा म्हणजे आंबट डोसा. मिसिर म्हणजे मसूरची आमटी. आणि पुढे चार उद्गारचिन्हं देऊन, शिरो म्हणजे चक्क आपलं पिठलं!!!!

पिठल्याच्या देशात पिठलं घेऊन गेल्या!

वर तक्रार अशी की कॉफी प्यायला बसलं की उठूच देत नाहीत. कॉफी करणारी बाई समोर बसून कच्च्या बिया भाजते, धूर आपल्या अंगावर घेऊ देते, कुटते, मातीच्या भांड्यात उकळते. आणि एक नाही, तीन फेऱ्या. "आम्ही एक कप घेतला आणि यल्ला, पुढच्या पॉइंटला!" पहिलं कडवं ऐकून, कळली कळली म्हणत कविता मिटणारी पोरं मला शाळेतही भेटली होती. मोठेपणी ती कुठे जातात हे आत्ता समजलं.

धूर कसा असेल तो? खिडकीत बसून बराच वेळ कल्पना केली. समोर कुणाचा तरी एसी गळत होता.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज राष्ट्रीय दिन. रस्त्यावर लाल-पांढरे दिवे, गाड्यांचे भोंगे. आणि माझ्या फोनवर चंद्रशेखर!

गाव हरार. तिथे रानातले तरस गावाच्या वेशीला येतात आणि एक माणूस त्यांना खाऊ घालतो. पाहुण्यांनाही घालू देतो. फोटोत चंद्रशेखर गुडघ्यावर. तोंडात काडी, काडीला लोंबणारा मांसाचा तुकडा, आणि नाकासमोर तरस, जबडा उघडा. खाली लिहिलंय, "काकांना सांगा, वन्स इन अ लाइफटाइम!" अंड्याच्या वासाने उमासे येणारा माणूस! मांस तोंडात धरलं, फक्त गिळलं तरसाने. धर्म बुडाला नाही.

एवढ्यावर हसून झालं असतं. पण मागोमाग सुनीताबाईंचा आवाजी निरोप आला. त्यांचा गाइड आकिब, त्याने घरी जेवायला नेलं. त्याची आई, झोहरा नावाची, हिने स्वतःच्या हाताने घास केला आणि पाहुण्यांच्या तोंडापुढे धरला. गुर्शा म्हणतात त्याला. ज्याला मान द्यायचा त्याला आपल्या हाताने भरवायचं. "ई! काका, मी तर उडालेच! हात जोडून नको म्हटलं आम्ही सगळ्यांनी. हायजिन असतं ना हो!"

तरसाला तोंडातून भरवलं, आणि म्हाताऱ्या बाईच्या हातचा घास नको!

"आम्ही सगळ्यांनी." म्हणजे आमच्या रश्मीनेसुद्धा. या घरातल्या सुनेने!

हायजिन. शब्द चांगला आहे. आमच्या लहानपणी दुसरा होता.

१७ डिसेंबर

तो निरोप डोक्यातून जात नाही. मग जे आठवायचं ते आठवलंच.

अकोल्याकडचं आमचं गाव. चौथीचा वर्ग. तपासणीला साहेब आले होते. नदीची कविता म्हणायला गुरुजींनी मला उठवलं, कारण दुसऱ्या कुणाला ती पूर्ण येत नव्हती. म्हटली, सगळी कडवी! साहेब खूश. पेढे वाटायला सांगितले. गुरुजी रांगेने एकेकाच्या तळहातावर पेढा ठेवत आले. माझ्यापाशी थांबले. हात वर गेला, हातभर वर, आणि तिथून पेढा सोडला.

मी झेलला! अचूक. तेव्हा हात थरथरत नव्हता.

कविता मात्र अजून सुंदर वाटते. यात नदीची काय चूक?

१९ डिसेंबर, शुक्रवार

आले. अनिरुद्ध काळवंडला, मैत्रीने हिरव्या-पिवळ्या-लाल बांगड्या घातल्यात. रश्मीने कॉफीच्या बिया आणल्यात आणि तोंड बंद ठेवलंय.

तिने फ्रीजर उघडला. डबे होते तसे. मला वाटलं, आता व्याख्यान. आपणच आधी हल्ला करावा म्हणून म्हटलं, "काय मग, तरसाने हात धुतले होते काय जेवणाआधी?" मैत्री खो-खो हसली. "आजोबा, यू आर सॅव्हेज!" अनिरुद्ध म्हणाला, "बाबा, वजन करा उद्या." रश्मी डब्यांकडे बघत राहिली. मग फ्रीजर लावला.

२२ डिसेंबर

वजन अजून दीड किलो कमी. अनिरुद्ध चिडलाय. "बाबा, असं चाललं तर नर्स ठेवावी लागेल. नाहीतर हॉस्पिटलात नळी घालतील, तेव्हा कुणाला विचारणार नाहीत." मी म्हटलं, नळी बरी. नळी बघत नाही.

दुपारी रश्मी वाटी घेऊन आली. वरण-भात, वर तूप. घास केला. हात पुढे. आणि मी बोललो. गेले सहा दिवस घासून ठेवलेलं वाक्य! "जिने दुसऱ्याच्या आईच्या हातचा घास नाकारला, तिने मला भरवू नये."

हात जरा वेळ तसाच होता. मग खाली गेला. "बरं," म्हणाली. वाटी ठेवून गेली.

जिंकलो. उपाशी राहिलो.

२६ डिसेंबर, शुक्रवार

चंद्रशेखरांच्या इमारतीच्या हॉलमध्ये, जुफैरला, कार्यक्रम. "इथिओपिया: जीवन आणि संस्कृती." सात दिवस गेले होते, जीवन आणि संस्कृती दोन्ही उरकून आले!

चाळीसेक मराठी माणसं. पडद्यावर फोटो. चंद्रशेखर काठी घेऊन उभे. "इथिओपियन माणूस मुळात निवांत." एका ड्रायव्हरला भेटून एवढं कळलं. "पण टूरिझमला अजून शिस्त नाही." "तिखट खातात, पण आपल्यासारखं नाही." तरसाचा फोटो आला, टाळ्या. मग म्हणाले, "आणि आता गंमत! एकाच ताटात सगळे. उष्टं-खरकटं काही नाहीच! बाकी काही नाही हो, हायजिनचा प्रश्न."

आणि पडद्यावर तो फोटो. जमिनीवर बसलेली एक म्हातारी, डोक्यावर ओढणी, पुढे केलेला हात, बोटांत घास. आणि समोर तोंड फिरवलेली रश्मी. हॉल हसला. मीही हसणार होतो. पण मला तो हात दिसला. फोटोत हात हलत नाही. तसाच राहतो.

रश्मी उठली. ही कधी चारचौघांत बोलत नाही.

"त्या फोटोच्या नंतरचं मी सांगते," म्हणाली. "मी तोंड फिरवलं, हे खरं. पण त्या बाईने हात खाली घेतलाच नाही. तसाच हवेत. मला वाटलं, हा हात मी पाहिलाय कुठेतरी. मग कळलं, माझाच आहे. घरी मी रोज असाच धरते."

माझ्याकडे पाहिलं नाही तिने. एकदाही नाही.

"मग मी खाल्ला. एक नाही, तीन. इतका तिखट की डोळ्यांतून पाणी! ती हसली आणि ओढणीने माझं तोंड पुसलं."

सुनीताबाई म्हणाल्या, "अगंबाई, कधी? मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही सॅनिटायझर आणायला गाडीत गेला होतात, ताई."

"पण हायजिन गं..."

"तिने हात धुतले होते. आधी आपल्या सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं, मग स्वतः धुतले." आणि थांबून, "तरसाने धुतले होते का?"

हॉल कोसळला हसून. चंद्रशेखरसुद्धा हसले, जरा उशिरा.

माझा विनोद! माझाच!

खाली समोसे होते. मी नुकताच जेवून आलोय म्हणून सांगितलं.

परतताना गाडीत, सिग्नलला म्हटलं, "तो तरसाचा विनोद माझा होता."

"हो, बाबा," रश्मी म्हणाली. आरशात बघून. बस, एवढंच.

२७ डिसेंबर

आज ती वाटी घेऊन आलीच नाही. ताट ठेवलं आणि गेली. खोलीचं दारही तिनेच ओढून घेतलं.

मला वाटायचं, दार मी लावतो.

२९ डिसेंबर

कुणी शेवटचं कधी भरवलं, ते आठवत होतो. लग्नात. इंदूने नाव घेतलं, जिलबी पुढे केली आणि मी तिचं बोट चावलं. सगळी पंगत हसली. ती म्हणाली, "काऊन हो, उपाशी ठेवलं होतं काय घरच्यांनी?"

१ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. चंद्रशेखर आणि सुनीताबाई जेवायला. मी खोलीत गेलो नाही. टेबलाशी बसलो आणि हात ताटाशेजारी उघडा ठेवला. सळसळू दे. चंद्रशेखरांनी पाहिला. पाहू दे.

रश्मीला म्हटलं, "कालव."

तीन घास. बोट चावलं नाही.

वरणात मीठ कमी होतं. बोललो नाही.