मामाच्या जागेवर पिशवी

तीर्थरूप कौशल्याबाईस,

धाकट्या परसरामचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष पाया पडलो असतो, पण त्यासाठी नागपूरला पोचावे लागते.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? थंडीत जपायला सांग. इकडे हलके धान कापून झाले, भारी अजून उभे आहे. म्हैस व्यायली असून सध्या घरात तीच माझ्याशी मोकळेपणाने बोलते. तुझ्या भावजयीच्या मोबाईलवरून केला तरी तू फोन उचलत नाहीस. मनिषला केला तर तो म्हणतो आई घरी नाही, आणि मागून तुझाच आवाज येतो, 'सांग त्याले, आई घरी नाही म्हणून.' तेव्हा पत्र लिहितो आहे. फाडायचे असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तुझ्या रुपाच्या साक्षगंधाला मी नागपूरपर्यंत आलो, साडीची पिशवी परक्या बाईच्या हाती देऊन तोंड न दाखवता रुसून परत गेलो, ही बातमी पार पवनीपर्यंत आली आहे. बाई, मी रुसलो नाही. मी गाडीत चढलोच नाही.

आपले जुने गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाण्याआधी वडाखाली गाडी थांबायची, तुला आठवत असेल. नव्या गावाला गाडी नाही, प्रवासी निवारा आहे. त्यात शेळ्या थांबतात, आणि त्यांनीही आता आशा सोडली आहे. म्हणून मी दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, कॅनच्या मागे बसून पवनी गाठली. पिशवीत रुपाची साडी (तुझ्या भावजयीने चार दुकाने पालथी घालून निवडलेली), तुझ्यासाठी नवे तांदूळ, माझा नवा सदरा आणि मोबाईल. मोबाईल पिशवीत अशासाठी, की गर्दीत खिसा कापतात आणि पिशवीवर आपली नजर असते.

गाडी लागल्याबरोबर मी खिडकीतून पिशवी आत टाकली. ती बरोबर खिडकीच्या सीटवर जाऊन बसली. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, पिशवी पडली की जागा आपली, मग तिथे तहसीलदारही बसणार नाही. इथेच माझा घात झाला. जागा धरलेला माणूस ढकलाढकली करत नाही. त्याला एक भारदस्तपणा येतो. मी बाजूला उभा राहून बायाबापड्यांना आधी चढू दिले, मग म्हाताऱ्यांना, मग ज्यांना चढायचे होते त्या सगळ्यांना. गाडी भरली, दार लागले. मी बाहेरून दार बडवले, आतल्यांनी घंटी वाजवली, आणि माझी जागा माझ्याशिवाय नागपूरला निघाली.

पानठेल्यावाल्याचा फोन मागितला. पाठ असलेला नंबर एकच, माझा स्वतःचा. तो लावला. उचलला रंभाबाईने. (ही पवनीच्या बाजारात मासोळ्या विकते, मी तिचे नेहमीचे गिऱ्हाईक. ती पिशवीच्या शेजारी बसली होती.)

'कोन?'

'मी परसराम बोलून राहिलो.'

'परसरामभाऊ मांगं उभे हायेत, गर्दी हाय. मंग फोन करा.'

पुन्हा लावला तर उचलला नाही. दुसऱ्याचा फोन घडीघडी उचलू नये, असे तिचे मत आहे. त्याआधी तुझा फोन आला, तेव्हा तुलाही तिने हेच सांगितले. तू माझ्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवतेस यात तुझा दोष नाही. दोन क्षण मलाही वाटले की मी मागे उभा असेन.

पुढच्या गाडीसाठी माझ्याकडे टाकायला काहीच उरले नव्हते. डोक्यावरची टोपी टाकली. ती तशीच बाहेर आली. टोपीने जागा धरत नाहीत म्हणे, निदान दुपट्टा तरी पाहिजे. एका पायावर उभा राहून वाटेतल्या शहापूरपर्यंत आलो आणि तिथे गाडी बंद पडली. कंडक्टर म्हणाला, मांगून गाडी येऊन राहिली. मागून पडदे लावलेल्या मोठमोठ्या गाड्या येत होत्या आणि जात होत्या. मी हात दाखवला. एकीतल्या बाईने पडदा सारून मला उलट हात दाखवला. ऊन कलले, तुमच्याकडे पंगती उठल्या असतील, तेव्हा मी रस्ता ओलांडला. परतीची गाडी लगेच आली, रिकामी. हवी ती जागा होती. बसवेना.

नागपूरच्या स्टँडवर मनिषने माझा नंबर लावला, तो रंभाबाईच्या हातातल्या पिशवीत वाजला, आणि पुढचे तुला माहीत आहे. परवा मी तिला गाठून म्हटले, माझ्या बहिणीला एवढे सांग की मी गाडीत नव्हतो. ती उखडली. 'चढलेच नाही त पिशवी कशी चढली? तुमच्या जागेवर कोनाले बसू नाही देल्लं भाऊ, नागपूर येईपर्यंत अख्ख्या गाडीसंग भांडली, थे का खोटं?' ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली, बाई. लोक उभे होते. मी तिचे आभार मानले आणि एक वाम मासोळी घेऊन घरी आलो.

माझी बाजू एवढीच. रुपा दोन वर्षांची असताना तिला खांद्यावर बसवून नदी दाखवायला मी नेत होतो. लग्नात तिच्या मागे मीच उभा राहणार आहे. तू नको म्हणालीस तर मंडपाच्या बाहेर उभा राहीन, पण येईन.

तुझा भाऊ,
परसराम

ता. क. साक्षगंधाच्या पत्रिकेत श्यामलालचे नाव वर आणि माझे खाली होते, म्हणून मी रुसलो, असे भाऊजी म्हणाल्याचे कळले. माझे तिकडे लक्षही गेले नव्हते. तो चुलत, मी सख्खा, हे गावाला माहीत आहे. त्याच्याकडे कार आहे, हेही माहीत आहे. लग्नाच्या पत्रिका अजून छापल्या नसतील तर बघ.

पुन्हा ता. क. मोबाईल काढून घे, पण पिशवी परत पाठवू नकोस. मी लग्नाच्या आठ दिवस आधी घरून निघतो आहे. तरीही मुहूर्ताला दिसलो नाही, तर रुपाच्या मागे मामाच्या जागेवर ती पिशवी ठेव. श्यामलालला तिथे उभे राहू देऊ नकोस. जागा धरलेली आहे म्हणून सांग.