अनारशांच्या ताटातला पुडा

बाबा, गेलेल्या माणसावर राग धरू नये असं आई म्हणायची. मी धरला आहे. तुमचा फोटोसुद्धा मी भिंतीवरून उतरवून फडताळात उलटा ठेवला आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो अधिक महिना. आम्ही तुमच्याकडे धोंड्याच्या जेवणाला नाशकात आलो होतो. लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही. ह्यांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता, कचेरीच्या कागदांवरचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. आणखी एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. ह्यांचं पुरुषपण त्याच वर्षात मंदावत पार थांबलं होतं. ते मी पुरण वाटता वाटता आईला सांगितलं, आईनं तुम्हाला. ऐकून गप्प बसायला माणुसकी लागते. तुम्ही पडलात नामांकित वैद्य.

जेवणं झाल्यावर तुम्ही जावयाला वाण दिलंत. तांब्याचं ताट, तेहतीस अनारसे, दिवा, आणि दिव्याला टेकवून ठेवलेला खाकी पुडा. तो पुडा कसला ते सगळ्यांना माहीत होतं, तुमच्या त्या धातुपुष्टीच्या चूर्णाची पाटी दवाखान्याच्या दारावरच होती. काका खोकले. मावशीनं तोंडाला पदर लावला. ह्यांनी ताट घेतलं, हात थरथरला आणि अनारसे ओसरीभर सांडले.

"बघा, हात कापतोय," तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात. "तरुणपणी धातू उधळला की हेच व्हायचं, जावईबापू. आता लाजून काय उपयोग? एक्केचाळीस दिवस दुधातून घ्या."

हे खाली बसून एकेक अनारसा वेचायला लागले. तुम्ही पान लावत होतात. परतताना टांग्यात हे एवढंच म्हणाले, "तुला माहेरी राहायचं असेल तर राहा. मी अडवणार नाही."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "तो पुडा मी गंगेत टाकलाय."

तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी मुंबईच्या एका डॉक्टरनं ह्यांना चालायला लावलं, बोटं हलवायला लावली, चार ओळी लिहून घेतल्या. म्हणाला, मेंदूचा रोग आहे, हळूहळू वाढत जाणारा. हात कापतो तो त्यामुळेच, आणि ज्या नसांवर पुरुषपण चालतं त्याही त्यानंच मंदावतात. "ह्यात तुमचा काही दोष नाही," तो म्हणाला, तेव्हा हे तिथंच खुर्चीत रडले. इतकी वर्षं ते आपल्या कोवळ्या वयातला कुठलातरी गुन्हा शोधत बसले होते, तुमच्या एका वाक्यापायी. चाळीस वर्षं नाड्या बघितल्यात म्हणे तुम्ही! हात आणि ते दुसरं, दोन्हींचं खापर तुम्ही धातूवर फोडलंत. दोन्हींमागे खरा रोग असेल एवढंही तुम्हाला दिसलं नाही. दिसली फक्त टिंगल करायची संधी.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. कारण एक गोष्ट कळून तुम्ही मिशीत हसाल, ते मला सोसायचं नाही. पुडा मी गंगेत टाकला नव्हता. एक्केचाळीस दिवस रोज सकाळी ह्यांच्या दुधात मीच कालवत होते. दूध कडवट व्हायचं. ह्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. पेला रिकामा करायचे आणि माझ्या हातात द्यायचे.