हेमेंद्रच्या डब्यातली वाफ

१४ जुलै, सोमवार. संध्याकाळ
आज धानाच्या रोवणीला धुरपताबाईची टोळी आली. बारा बाया. दुपारी जेवायला बसल्या आणि सगळ्यांच्या माना धुऱ्याच्या बांधापलीकडे! तिकडे शेजारचा हेमेंद्र आपल्या माणसांसाठी थर्मासचा डबा उघडून राहिला होता. बापरे, काय ती वाफ! आमचा भात गंजात, फडक्याखाली, थंडगार. धुरपताबाई तोंडावरच म्हणाली, लखनभाऊ, थंडा भात कायले खाऊ घालता? उद्यापासून आमी हेमेंद्रभाऊच्या बांधीत.
हेमेंद्र माझ्याहून सात वर्षांनी लहान. चोरखमारा तलावाचं पाणी आधी माझ्या धानाच्या बांधीत येतं, मग त्याच्या. हे बायांना कोणी सांगत नाही.
मी जळत नाही. मुळीच नाही. फक्त लिहून ठेवतो की दुर्गेश्वरीसुद्धा त्या वाफेकडे पाहून राहिली होती. बायको माझी, वाफ त्याची.
पऱ्हे बावीस दिवसांचे झाले. रोपं महिन्याची झाली की गाठी धरतात, मग पीक गेलं. टोळी पाहिजेच.

१५ जुलै, मंगळवार
टोळी हेमेंद्रकडे. तिकडून हसणं ऐकू येऊन राहिलं. भात खाताना एवढं काय हसायचं?
तिरोड्याहून डबा आणला. हेमेंद्रच्या दुप्पट. धुरपताबाईला नेऊन दाखवला. म्हणाली, ठीक, बुधवार-गुरुवार तुमच्याकडे, पण भात गरम पाहिजे.
डब्यात एक कागद निघाला. दुर्गेश्वरीने वाचून दाखवला. आधी उकळतं पाणी भरून डबा दहा मिनिटं तापवा, मग जेवण कडक गरम असतानाच काठोकाठ भरा, मधे उघडू नका, चार तासांत संपवा. वरून म्हणाली, रविता पण असंच करते. रविता म्हणजे हेमेंद्रची बायको.
झालं! मग तर मी नाहीच करणार. डबाच तापवायचा, तर डबा घेतला कायले? कागद गादीखाली सारला.
संकल्प : उद्या माझी वाफ.

१६ जुलै, बुधवार
सकाळी आठला भात भरला. डबा अर्धाच भरला, मोठा आहे ना. नऊला हेमेंद्र धुऱ्यावर आला म्हणून झाकण उघडलं. फडक्याने वाफ त्याच्याकडे ढकलली. त्याने पाहिलंच नाही. साडेनऊला पुन्हा उघडलं. तेव्हा म्हणाला, दादा, घडीघडी उघडू नका, गरमी निघून जाते.
हा कोण मला शिकवणारा? मुद्दाम अकरालाही उघडलं.
एक वाजता भात कोमट. आज वारा फार होता. धुरपताबाई वाऱ्याचं ऐकून घेत नाही. म्हणाली, उद्या शेवटचं.

१७ जुलै, गुरुवार
जबरदस्त आयडिया काल संध्याकाळीच सुचली होती. हेमेंद्र सकाळी भरतो. आपण रात्रीच्या स्वयंपाकातच भात जास्तीचा टाकून सातला डबा भरून ठेवला. जितका जास्त वेळ डब्यात, तितका डबा गरमी धरणार. दुर्गेश्वरी म्हणाली, खराब होईल. तिला म्हटलं, तुझा माझ्यापेक्षा रविताच्या डब्यावर भरोसा आहे. ती गप्प बसली. आपण बरोबर असलो की लोक गप्प बसतात.
दुपारी एकला सगळ्यांसमोर झाकण काढलं. आंबूस वास. भाताला तार सुटलेली. धुरपताबाई वाकली, वास घेतला आणि झाकण परत लावलं. बाराही बाया थाळ्या उचलून धुऱ्यापलीकडे जाऊन बसल्या. हेमेंद्रने सगळ्यांना वाढलं. त्याला पुरलं कसं, हा माझा प्रश्न आहे.
मी धुऱ्यावर बसून दोन थाळ्या खाल्ल्या. सगळ्यांना दिसेल असा. मस्त होता भात.

१८ जुलै, शुक्रवार
पहाटे ४ : काही नाही. गॅस.
४.२० : गॅस नाही.
६ : हेमेंद्रची नजर लागली.
१० : तिरोड्यात सलाईन. डॉक्टरला डब्याची कंपनी खराब आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, भात रातभर कोमट ठेवला की त्याचं विष होते, तुम्ही वाचलात, बाया वाचल्या, हेच खूप. म्हटलं, बायांनी खाल्लाच नाही. तो म्हणाला, हुशार आहेत.
पऱ्हे सव्वीस दिवसांचे.

२१ जुलै, सोमवार
तीन दिवस अंथरुणात. आज उठून बसलो. दुर्गेश्वरीला विचारलं, पऱ्ह्याचं काय? म्हणाली, लागले. शनिवार-रविवार हेमेंद्रनेच टोळी आमच्या बांधीत आणली. भात तिनेच शिजवला, रविताने उकळतं पाणी टाकून डबा तापवून दिला. कोणता डबा? माझाच. दीड वाजता उघडला तर वाफच वाफ. धुरपताबाईचा निरोप आहे, पुढच्या वर्षी हाच डबा आणा. फक्त हेमेंद्रभाऊच्या हाती पाठवा.
म्हणजे डब्यात काहीच खराबी नव्हती.
गादीखालचा कागद काढून वाचला. दोनदा.
उशाशी हेमेंद्र त्याचा जुना डबा ठेवून गेला आहे. त्यात रविताने पेज पाठवली आहे. तीन तास तशीच पडून होती, म्हटलं थंड झाली असेल. मोठा घोट घेतला.
जीभ भाजली. दुर्गेश्वरीला सांगितलं नाही.