डोलकाठीतली नळी

मंगळवार, ४ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच. तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी ठणठणीत आहे, गुडघा सोडून. त्याचं आणि माझं पटत नाही, पण त्याला जायला दुसरी जागा नाही म्हणून राहतोय बिचारा.

शेडमधलं दुरुस्तीचं काम नेहमीचंच. वारा सुरू झाला, त्यामुळे सगळ्यांना आपापले शिडाचे बोर्ड आठवलेत. काल एक दातांचे डॉक्टर आले, हातात धरायच्या आडव्या दांडीचे स्क्रू निघेनात म्हणून. दांडी ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टीलचे, वर समुद्राचं पाणी आणि मध्ये ग्रीसचा ठिपकाही नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, लोकांना दिवसातून दोनदा दात घासायला सांगता ना? मग हे खेळून झाल्यावर एकदा तरी धुवा." पुढचं भाषण तुला पाठच आहे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात चिकटून राहिले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला एक हळूहळू खाल्ला जातो. म्हणून पाण्यातून आलं की सुटं करायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, स्क्रूला ग्रीस लावायचं. त्यांनी मान डोलावली. सगळेच डोलावतात.

तुझी डोलकाठी पाठवायला लिहिलंयस. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंस, तर नाही कशाला म्हणू? तिकडच्या तळ्यावर क्लब आहे हे बरं झालं. गोडं पाणी, म्हणजे तुला धुवायचाही कंटाळा करायला नको. डोलकाठी व्यवस्थित आहे. तुझी गाडीवाली मैत्रीण सोळा तारखेला, रविवारी येईल, तोवर बांधून ठेवते.

वेळेवर जेवत जा.

आई

सोमवार, १० मार्च

भिंगरी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. फोन करणार होते, पण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं, म्हणून परत कागद घेऊन बसले आहे.

डोलकाठी व्यवस्थित नाही. बुडातली, उंची कमीजास्त करायची ॲल्युमिनियमची नळी आतच घट्ट धरून बसली आहे. डोलकाठी कार्बनची. कार्बन धातू नसला तरी ॲल्युमिनियमला तो स्टीलपेक्षा वाईट, हे मीच तुला शिकवलं होतं. फटीतून पांढरी पूड बाहेर आलीय आणि नळी तसूभर हलत नाही. मी 'व्यवस्थित आहे' असं लिहिलं तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की तीन वर्षांत मी ती एकदाही उघडलेली नाही.

शेजारचा प्लंबर बघायला आला. म्हणाला, "काकू, गरम पाणी ओतू या." मी म्हटलं, "बाबा रे, गरमाने आतली नळी फुगेल आणि आणखी आवळून बसेल. आत बर्फ भरायचा, म्हणजे ती आकसते. मग दोघांनी दोन टोकं धरून उलटं पिळायचं." तो म्हणाला, "मग धरतो की मी एक टोक." त्याला चहा पाजला आणि घरी पाठवला.

आता तू म्हणशील, लोकां सांगे ब्रह्मज्ञान. म्हण. पण विसरले नव्हते गं. रोज शेड उघडली की पहिली तीच दिसायची.

त्या संध्याकाळी तू पाण्यातून आलीस, शीड सोडवलंस, डोलकाठी भिंतीला टेकवलीस आणि म्हणालीस, "आई, मला नोकरी लागली. मी जातेय." मी विचारलं, "मग ही शेड मी कोणासाठी उभी केली?" तू म्हणालीस, "स्वतःसाठी केलीस. माझ्या नावावर ढकलू नकोस." खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं. मी म्हटलं, "जा. आणि परत काही मागायला येऊ नकोस." सकाळी तू गेलीस. मी दारापर्यंतही आले नाही, ओट्याशी उगाच भांडी वाजवत उभी राहिले.

नळीची पिन तिसऱ्या भोकात आहे, तुझ्या मापाला. तू हाताने लावलेलं असं शेडमध्ये तेवढंच उरलं होतं. धुवायला घ्यायची तर ती पिन काढावी लागली असती, आणि मग डोलकाठी बाकीच्यांसारखी मांडणीवर गेली असती. मला करवेना. मिठासकट तशीच उभी ठेवली आणि आपण ती जपतोय असं समजत राहिले. बावीस वर्षं हेच काम करते मी. इतकी मोठी चूक तर त्या डॉक्टरांनीही केली नव्हती.

आणखी एक खरं सांगायचं राहिलंय. नळी कापून काढता येते. आतून करवतीचं पातं लावलं की तासाभराचं काम, जपून केलं तर डोलकाठीला ओरखडाही येत नाही. नवी नळी कुठल्याही दुकानात मिळते. रविवारपर्यंत सहज झालं असतं.

पण तुझ्या मैत्रिणीला मी फोन करून सांगितलं, येऊ नकोस. कारण विचारलं तर गुडघ्यावर ढकललं. डोलकाठी गेली की तुझं इथे काहीच उरत नाही, मग तू कशाला येशील, ही भीती वाटते मला. प्लंबरला टोक धरू दिलं नाही तेही त्यासाठीच. ते तू धरावंस असं वाटलं.

हे वागणं बरं नाही, कळतं मला. तू नुसतं 'कापून पाठव' असं लिही, त्याच दिवशी कापते आणि पाठवते. कुरकुर करणार नाही. बरं, करीन, पण पाठवीन. मात्र चार दिवसांची रजा मिळत असेल तर ये. शेडचं काय करायचं हे तुला विचारणार नाही, ते माझं मी बघेन. तेव्हा बोलले ते चुकलं माझं. हवं ते मागायला ये, भांडायला ये, पण ये.

फार आठवण येते गं. रोज येते.

तुझी,
चुकलेली आई