सावलीतल्याला डबीत कोंडू नये

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी काही बोलायचं म्हटलं तर आधी ही वस्तू तुम्ही पाहिली होती की नव्हती, ते आठवावं लागतं. मोबाइल तुम्ही पाहिला होता, पण बटणांचा. लॅपटॉप पाहिला नव्हता. आम्ही आता महाडात राहतो हेही तुम्हाला ठाऊक नाही. आई आणि मी, वरच्या मजल्यावर, कारण सावित्रीचं पाणी कधी बाजारात शिरेल ते सांगता येत नाही आणि तळमजल्यावर राहायची हौस आता कुणाला उरलेली नाही. मी खेळांतली जनावरं काढते. पुण्यात एक छोटी कंपनी आहे, तिचा मोबाइलवरचा खेळ आहे. रानात फिरायचं आणि दिसेल ते जनावर डबीत पकडून साठवायचं. ही जनावरं कशी दिसतील, कुठे राहतील, कुणाला सापडतील हे मी घरी बसून ठरवते. आई शेजारणींना सांगते, ‘कंप्युटरवर कामाला हाय,’ आणि विषय संपवते. तुमचं एवढ्याने भागलं नसतं. तुम्ही लगेच विचारलं असतंत की त्यांना खायला कोण घालतं.

हा प्रश्न तुम्ही खरंच विचारला होतात, त्या जुन्या यंत्राच्या वेळी. तुम्ही काकड्या आणि पडवळं घेऊन पोलादपुरातून एसटीने महाडच्या बाजाराला यायचात, आणि जिथे बसायचात तिथे समोरच कपड्याच्या दुकानातले चाचा. तुमचं आणि त्यांचं काय गूळपीठ होतं कोण जाणे. विकायला नेलेल्यातली कोवळी काकडी पहिल्यांदा त्यांच्या घरी जायची आणि त्यांच्याकडचा चहा तुमच्या पोटात. त्यांचा मुलगा कुवेतला होता. तो सुट्टीवर येताना नवं काही आणायचा आणि आधीचं मागे पडायचं. असं मागे पडलेलं, हातात मावणारं, एका कोपऱ्याला तडा गेलेलं खेळायचं यंत्र चाचांनी तुमच्या पिशवीत टाकलं. ‘लेकीला द्या, आमच्याकडे नुसतं पडलंय.’ तुम्ही ते सुकटीच्या पुडीबरोबर आणलंत, त्यामुळे पुढे कितीतरी दिवस त्याला सुकटीचा वास यायचा आणि मांजर त्याच्यावर डोळा ठेवून असायची. मी तेव्हा आठवीत होते. अख्ख्या वाडीत असलं काही कुणाकडे नव्हतं, आणि मी काही दिवस जमिनीवर चालत नव्हते.

अजून दिसतं मला. आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय, मी उंबऱ्याशी बसलेय आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघताय. मी एक जनावर पकडते, डबीचं झाकण लागतं, टुणकन आवाज येतो. ‘आता हा कुठं गेला?’ तुम्ही विचारता. डबीत, मी सांगते. ‘आनि मग खायला कोण घालतं त्याला?’ कुणी नाही, खेळ हाय बाबा तो. ‘पानी तरी?’ आई तव्यावरची भाकरी उलटताना म्हणते, ‘तुमाला काय करायचाय? घरचा रेडा उपाशी हाय, त्याला बगा आधी.’ तुम्ही उठून रेड्याला वैरण घालून येता आणि पुन्हा तिथेच येऊन बसता. पकडलेली जनावरं एकाखाली एक रांगेने दाखवायला सांगता. बाजारात गुरं बघावीत तसं प्रत्येकाचं तोंड, पाय, शेपूट निरखता.

त्या खेळातली सगळी जनावरं माझ्याकडे जमली, एक सोडून. त्या एकाची जागा रिकामी राहिली होती आणि ती मला खात होती. त्याचा पत्ता तुम्हीच आणलात. चाचांचा मुलगा सुट्टीवर आला होता, त्याला तुम्ही माझ्यासाठी म्हणून विचारलंत, आणि बिबट्या दिसल्याची बातमी सांगावी तशा आवाजात येऊन सांगितलंत. यंत्रातल्या घड्याळात दुपारचे बारा वाजले की मोठ्या झाडाच्या सावलीत तो येतो. सावलीबाहेर कधी पडत नाही. एकदाच येतो, निसटला की संपलं. सांगता सांगता तुमचाच आवाज उतरत गेला. ‘बाराच्या टायमाला, झाडाखाली,’ असं तुम्ही परत एकदा म्हणालात, आणि उठून दारातून वरच्या रानाकडे बघून आलात. मला त्यात काही कळलं नाही. मी रविवारची वाट बघत होते.

रविवारी भर दुपारी तो आला. त्या एवढ्याशा पडद्यावर होतं काय, तर एक काळा गोळा आणि त्यात दोन डोळे. पण तो सावलीच्या आतून माझ्याकडे बघत होता. मी डबी काढली. तुम्ही म्हणालात, ‘नाय पकडायचा.’ मला वाटलं थट्टा करताय. म्हटलं, बाबा, परत दिसणार नाय तो. तुम्ही म्हणालात, ‘नको दिसू दे. जो सावलीत ऱ्हातो त्याला डबीत कोंडू नये गो. वाट सोड त्याची.’ मी बोट उचलेना, तेव्हा तुम्ही यंत्र माझ्या हातातून काढून घेतलंत. पळून जायचं बटण कुठलं ते तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही सगळी बटणं एकामागून एक दाबत सुटलात. माझा खेळातला माणूस गोल फिरला, पिशवी उघडली, पिशवी मिटली, आणि शेवटी कशाने तरी तो काळा गोळा निघून गेला. तुम्ही कपाळाचा घाम पुसून यंत्र मला परत दिलंत. त्या दिवशी मी जेवले नाही. मी जेवले नाही म्हणून तुम्ही जेवला नाहीत, आणि आई दोघांवरही भडकली. ‘त्या काळ्याला वाडू काय हा भात?’ असं ती म्हणाली होती.

लावणीच्या आधी आपल्या घरची राखण असायची. वाडीच्या वरच्या अंगाला राई आहे, देवाचं रान, तिथली काडीसुद्धा कुणी मोडत नाही, आणि तिथल्या राखणदाराला वर्षातून एकदा प्रत्येक घराने भात आणि नारळ द्यायचा. पोरींना तिकडे नेत नसत. त्या वर्षी तुम्ही मला नेलंत, आणि वाटेत कुणी विचारलं तर ‘नारळ धरायला आनलीय’ म्हणून सांगितलंत. उन्हातून सावली जिथे सुरू होते, बरोबर तिथे तुम्ही पळसाच्या पानावर भात ठेवलात. एक पाऊल पुढे नाही, एक मागे नाही. मग उभे राहिलात, डावा खांदा खाली सोडून आणि एक हात मानेमागे धरून. वाडीला रस्ता नव्हता तेव्हा सगळी पोती त्याच खांद्यावरून चढली होती, त्यामुळे तो तसाच राहिला होता. देवाशी तुम्ही शेजाऱ्याशी बोलावं तसं बोललात. ‘आमी हितं हाव, तू तितं ऱ्हा. पोरीकडं ध्यान ठेव, जरा रागीट हाय.’ मग मागे वळून न बघता आपण निघालो. मी खाली येईपर्यंत दम धरला आणि विचारलं, तुम्ही त्याला पाहिलंय का कधी? तुम्ही म्हणालात, ‘नाय. बगायला गेलो तर तो ऱ्हाईल का?’ माझा राग गेला नव्हता, पण त्याच्यात पूर्वीचा जोर राहिला नाही.

आणि नंतर तुम्हीच खेळायला लागलात, हे मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. दुपारी अंग टाकायच्या वेळी तुम्ही यंत्र मागून घ्यायचात, माझ्या माणसाला हळूहळू चालवत त्या मोठ्या झाडापर्यंत न्यायचात, सावलीच्या कडेला उभं करायचात आणि तसंच धरून बसायचात. एकही जनावर तुम्ही कधी पकडलं नाहीत. मी म्हणायचे, बाबा, असं नसतं खेळायचं. तुम्ही म्हणायचात, ‘तुजा मानूस लय धावतो गो. जरा उभा ऱ्हाऊ दे त्याला.’

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याला शिकत होते. वरंध घाटात दरड आली होती, गाडी लांबून फिरून आली, आणि मी पोचले तेव्हा तुम्हाला नेऊन झालं होतं. थांबणं शक्य नव्हतं, पाऊस होता, सगळ्यांनी मला समजावलं आणि मलाही ते पटलं. पटलं तरी तुमचा चेहरा मी शेवटचा पाहिला नाही तो नाहीच. त्यावर उपाय नाही, म्हणून त्याबद्दल मी आईशीसुद्धा बोलत नाही.

आता हल्लीची गोष्ट. आमच्या खेळासाठी एक दुर्मीळ जनावर हवं होतं, ते मी केलं. सावलीत राहणारं. कंपनीत सगळे त्याला सावल्या म्हणतात. नियमही मीच घातला की सावल्याला पकडता येणार नाही. सावलीच्या कडेला पानावर भात ठेवायचा, मागे न बघता निघायचं, आणि नशिबात असेल तर जाता जाता झाडाखाली काहीतरी हलल्यासारखं वाटेल. बस, एवढंच. आमचा मुख्य माझ्यापेक्षा लहान आहे, भला मुलगा आहे, त्याने कॉलवर शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘सुंदर आहे, पण चालणार नाही. आपला खेळच मुळी गोळा करण्याचा आहे. एक जागा कायमची रिकामी म्हटल्यावर पोरं वैतागतील आणि खेळ काढून टाकतील. एकतर तो पकडता आला पाहिजे, नाहीतर त्याला वगळूया. सोमवारी सांग.’ एका रिकाम्या जागेने किती वैताग येतो हे मला त्याने सांगायला नको होतं. मी मान हलवली आणि मनात ठरवून टाकलं, वगळू. कोंडण्यापेक्षा नसलेला बरा. तुम्हीही हेच म्हणाला असतात.

त्याच दुपारी आई चहा घेऊन आली. लॅपटॉपवर सावल्या उभा होता, मी नुसतीच बघत बसले होते. आईला एरवी माझ्या जनावरांचं कवतिक नसतं. ती कप ठेवून वळली, परत फिरली, चष्मा वर करून वाकली. म्हणाली, ‘ह्यो असा खांदा पाडून का उबा हाय?’ मी म्हटलं, कसा? ‘असा. ह्यांच्यासारका.’ आणि तिने स्वतःचा डावा खांदा सोडून, मानेमागे हात धरून दाखवलं. बाबा, मी शपथेवर सांगते, मी तसं ठरवून काढलं नव्हतं. कितीतरी आठवडे मी ते चित्र काढत होते, पुसत होते, हात कुठे ठेवावा म्हणून अडत होते, आणि एक दिवस हात मानेमागे गेल्यावर ते मला बरोबर वाटलं होतं. का बरोबर वाटलं ते मी स्वतःला विचारलं नव्हतं. आई तिथेच पलंगावर बसली. चहा तिनेच पिऊन टाकला. रिकामा कप खाली ठेवून म्हणाली, ‘हालतो का गो?’ मी हलवून दाखवला. ती बघत राहिली.

त्यानंतर वगळायचं बोलणं माझ्याने होईना. वगळू म्हणजे कुणाला वगळू? सोमवारी मी सांगितलं, पकडता येऊ दे. फक्त एक करायचं: जो सावल्याला पकडेल त्याच्या माणसाची सावली जाईल. तो उन्हात चालेल, सगळ्यांच्या पायाशी सावली असेल, त्याच्या नसेल. आणि सावल्याला सोडून दिला की सावली परत येईल. मुख्याला हे फारच आवडलं. तो म्हणाला, ‘हे तुला सुचतं कसं?’ मी म्हटलं, सुचलं. राईचं काही त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्याचीसुद्धा जाहिरात केली असती.

काल तयार झालेला खेळ तपासायला माझ्या मोबाइलवर आला. तपासायचं म्हणजे सगळं करून बघावंच लागतं, हे माझं कामच आहे. मी माझ्या माणसाला झाडापर्यंत चालवत नेलं, घाई न करता. सावलीत तो उभा होता, खांदा पाडून. मी डबी काढली आणि त्याला पकडला. माझ्या माणसाची सावली गेली, ठरवलं होतं तसं, त्यात काही चूक निघाली नाही. मग सोडून देण्याचं बटण तपासायचं राहिलं होतं. त्यावर अंगठा नेला, आणि परत आणला. कंपनीला कळवलं की सगळं नीट चालतंय. ते खोटं नसेल, पण मी करून बघितलेलं नाही. तो अजून माझ्याकडे आहे. आई भाजी निवडताना मध्येच मोबाइल मागते, डबी उघडून बघते आणि परत देते.

रागावू नका. हे लिहिलेलं मी कुठे पाठवणार नाही, राईतही नेऊन ठेवणार नाही. तुमच्यापर्यंत पोचत नाही हे बरंच आहे, बाबा. पोचलं असतं तर तुम्ही एकदाच म्हणाला असतात, सोड गो त्याला, आणि मला सोडावं लागलं असतं.