माह्या घराची नवी प्रत

३ नोव्हेंबर, सोमवार
काय ऑफिस आहे का हे! खुर्च्या ढीगभर, अन् पाण्याच्या माठावर झाकण नाही. पहिल्याच दिवशी नरेंद्र सरले तोंडावर सांगितलं. हासला. म्हणे, भागिरथाबाई, तुमी आल्या, आता सगळं सुधरते. पोरगं माह्या जावयाएवढं, पण गोड बोलते. रोजचं काम लिहून ठेवा, मी वाचतो म्हणे. म्हणून हे लिहून राह्यली. चौथी शिकली मी, चुका काढू नका.

काम सोपं आहे. गाडीवाल्याले घर सापडावं म्हणून आमच्या अनसिंग गावाचा नकाशा बनते. मी घरं सांगते, ऑफिसातली पोरगी नमरा कॉम्प्युटरात टाकते. आज माह्या जुन्या मैत्रिणीचं, लिलाबाईचं टाकलं: निळं दार, पुढं शेवगा. मंग माह्यं. माह्यी पोरगी निकिता बाळंतपणाले आली आहे, तिले नकाशातल्या घराचा फोटो दाखवला. लेकरू हरखलं.

६ नोव्हेंबर
नमरा रागानं पेटली होती. सगळ्यांचं काम एकाच फांदीवर असते, तिले ब्रँच म्हणतात, अन् ज्याच्या त्याच्याजवळ तिची प्रत. सरनं कोणाले न विचारता रिबेस मारला. म्हणजे फांदी तोडून दुसऱ्या बुडावर बांधली. दिसाले तेच, पण ते नाही. जुनी अन् नवी प्रत मिसळली का एकेक घर दोनदा येते.

मी म्हटलं, इथं भाऊ-भाऊ एका घरासाठी डोकी फोडतात, तुमी फुकट दोन-दोन वाटता. नमरा हासली. लिलाबाईचं घर खरंच दोनदा होतं.

७ नोव्हेंबर
लिलाबाईच्या गल्लीत गेली. निळं दार. बाजूले निळं दार. दोन शेवगे. दोन्ही दारांत लिलाबाई तांदूळ निवडत होती. दोघींनी एकदमच विचारलं, काहून उभी राह्यली वं?
पळत आली.

१० नोव्हेंबर
सरले सांगितलं. म्हणे, उन्हात फिरू नका. मंग सगळ्यांले म्हणे, जुनी प्रत उडवा, नवी घ्या.
संध्याकाळी एकच दार होतं. लिलाबाईनं चहा देला. तिचं माहेर विचारलं, तर रिसोड म्हणे. लिलाबाई मालेगावची. तिच्या लग्नात मी पंगतीले वाढलं.
मंग माह्यी लिलाबाई कुठं गेली?

११ नोव्हेंबर
ऑफिसातल्या प्रसेनजितनं जुनी प्रत उडवलीच नव्हती. ती पुन्हा नवीत मिसळली. नमरा म्हणे, आता तुमचं घर दोनदा आलं.
घरी धावली. माह्या दाराबाजूले माह्यंच दार. आत निकिता खाली बसलेली, कोणी तिच्या डोक्याले तेल लावून राह्यलं. हात माह्ये. बांगड्या माह्या. निकितानं मले पाह्यलं, अन् त्या बाईले विचारलं, आई, ही कोण वं?

१२ नोव्हेंबर
माह्या दारामागचं घर रिकामं. चूल थंडी. निकिता तिकडंच —
नमरा म्हणे, सर शुक्रवारी साफ करते. जुनी प्रत उडवते. मी म्हटलं, बाई, जुनी मी हाव. ती कॉम्प्युटरातच पाहत —

१३ नोव्हेंबर
भिंतीपलीकडं निकिता हासून राह्यली. नववा लागला तिले —
हाका मारल्या. ती म्हणे आई, कोणी वेडी —
सर, तुमी वाचतो म्हणले होते. वाचा. निकिताच्या बापाचं नाव लिहाले घेतलं, तर आठवतच नाही —
उद्या शुक्रवार. बटण दाबाच्या आधी मले उत्तर पाहिजे. उडवलेलं माणूस कुठं जाते, अन् माह्या पोरीजवळ ती कोण —